बाकं रिकामी, कट्टा फुल्ल

एकांनी लिहिलंय, की सोलापुरातल्या नव्या बागांत बाकं ओस पडतात आणि लोक कडेच्या कट्ट्यावर बसतात, म्हणजे सोलापूरकरांना शिस्त नाही. मला यात लोकांची चूक दिसत नाही. अ‍ॅपल्टन या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडलं, की समोरचं लांबवर दिसावं पण पाठ झाकलेली असावी, अशी जागा माणसाला आवडते. आमच्या घराजवळच्या बागेत बाकं हिरवळीच्या मधोमध, चारी बाजूंनी उघडी. शिवाय स्टीलची! मे महिन्यात दुपारी चारला त्यावर बसून दाखवा. कट्ट्यामागे मात्र कडुनिंब आहे, आणि समोरून कोण येतंय-जातंय ते सगळं दिसतं.

गिब्सन या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं, की वस्तूकडे बघताना तिचं काय करता येईल हेच आपल्याला थेट दिसतं. गुडघ्याएवढा सपाट कट्टा दिसला की माणूस टेकतोच, मग तो ठेकेदाराने नुसती हद्द म्हणून बांधलेला का असेना.

पण पुस्तकातलं जसंच्या तसं इथे उचलू नये. इंग्लंडात लोक ऊन शोधतात, आपल्याकडे आधी सावली, मग देखावा. सिद्धेश्वर तलावाकाठी संध्याकाळी गर्दी होते ती उगाच नाही: ऊन उतरलेलं, समोर मोकळं पाणी आणि मधोमध देऊळ, नजर आपोआप तिकडे जाते.

आमच्या बागेत तूर्त चार बाकं उचलून कडुनिंबाखाली, वाटेकडे तोंड करून ठेवली तरी पुरे.