अकूस्टिक गिटारचा पिकअप मिक्सरला जोडायचाय, तातडीने मदत हवी

सहावी_तार:
उद्या संध्याकाळी कार्यक्रम आहे आणि गिटार साउंड सिस्टिमवर वाजतच नाहीये. पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, आहे. मिक्सरला लावली की आवाज अगदी बारीक, तोही फाटका. गेन चढवला की नुसती खरखर वाढते. गिटार बिघडलेली नाही, मित्राच्या अ‍ॅम्पवर खणखणीत वाजली. मिक्सरही ठीक आहे, माइक चालतायत. काय करायचं तेवढं सांगा.

खर्ज:
पिकअप कुठला? ब्रिजखालचा पिझो (दाबातून सिग्नल देणारा) की साउंडहोलमध्ये बसवलेला मॅग्नेटिक (चुंबकावर चालणारा)? आत प्रीअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट) आहे का? मिक्सरच्या माइक इनपुटला लावलीत की लाइनला? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मध्यलय:
पिकअपचा नादच सोडा. बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर चांगला कंडेन्सर माइक लावा. साउंडहोलच्या थेट समोर नको, तिथे आवाज घुमतो. लाकडाचा खरा आवाज माइकमधूनच येतो, पिझोचा कायम प्लास्टिकसारखा लागतो. मी वर्षानुवर्षे असंच वाजवतोय.

सहावी_तार:
माइक जमणार नाही. उभं राहून गायचंय आणि शेजारी ड्रम्स आहेत. पिकअप ब्रिजखालचा, लाइन इनपुटला लावलाय. पुढे?

खर्ज:
मग इम्पिडन्सचा, म्हणजे सिग्नलला होणाऱ्या विद्युत अडथळ्याचा, घोळ आहे. पिझो विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर असतो. त्याला समोर किमान एक मेगाओहमचं (हजार किलोओहमचं) इनपुट लागतं. मिक्सरचं लाइन इनपुट साधारण दहा-वीस किलोओहमचं, माइकचं तर दोन-तीन किलोओहमचं. अशा ठिकाणी थेट जोडलात की खालचे सूर गळून जातात आणि टिणटिण तेवढी उरते. गिटार अ‍ॅम्पचं इनपुट एक मेगाओहमच्या आसपास असतं, म्हणून तिथे छान वाजली. डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) घ्या, विषय संपला.

गंधार_७:
+१. साधा पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) डीआय पुरे. बॅटरीची कटकट नाही, वर्षानुवर्षे टिकतो.

खर्ज:
पिझोला पॅसिव्ह डीआय? बहुतेक पॅसिव्ह बॉक्सचं इनपुट एक मेगाओहमच्या बरंच खाली असतं. मूळ दुखणं तसंच राहील. अ‍ॅक्टिव्हच (विजेवर चालणारा) हवा, आणि त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) द्यायला विसरू नका.

गंधार_७:
मी कितीतरी कार्यक्रमांत पॅसिव्ह वापरलाय, कधी अडलं नाही.

खर्ज:
तुमच्या गिटारमध्ये प्रीअ‍ॅम्प असणार. प्रीअ‍ॅम्प असला की पॅसिव्ह उत्तम चालतो. म्हणून तर पहिल्याच प्रतिसादात विचारलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

स्वरांजन:
तारा कधी बदलल्या होत्या? फॉस्फर ब्राँझच्या टाका, आवाज एकदम उजळतो. मॅग्नेटिक पिकअप असेल तर निकलचा मुलामा असलेल्या बऱ्या, कारण ब्राँझचा वेढा त्याला जाणवत नाही, आतली पोलादी तारच जाणवते.

सहावी_तार:
तारा नव्या आहेत, प्रश्न तो नाहीच. प्रीअ‍ॅम्प आहे, बाजूला व्हॉल्यूम-बेस-ट्रेबलची बटणं आणि ट्यूनर. बॅटरी चांगली आहे, ट्यूनर लागतो. आत्ता डीआय कुठून आणू?

सोल्डर:
थांबा, डीआय नंतर बघू. केबल कोणती? अ‍ॅम्पला लावलेलीच की दुसरी? प्लगच्या धातूवर काळे कडे किती, एक की दोन?

सहावी_तार:
दुसरी. अ‍ॅम्पला त्याची होती, ही मिक्सरसोबतची. दोन कडे दिसतायत. त्याने काय फरक पडतो?

सोल्डर:
सगळा फरक तिथेच. ही स्टिरिओ केबल आहे. अ‍ॅक्टिव्ह (प्रीअ‍ॅम्प असलेल्या) गिटारच्या जॅकमध्ये बॅटरीची ऋण बाजू मधल्या रिंगच्या (दोन कड्यांमधल्या भागाच्या) पत्तीला जोडलेली असते. मोनो (एका कड्याच्या) प्लगची लांब बाही ती पत्ती आणि अर्थ (ग्राउंड) एकत्र जोडते, तेव्हा कुठे प्रीअ‍ॅम्प चालू होतो. स्टिरिओ प्लगची रिंग वेगळी, त्यामुळे बॅटरीचं सर्किट पुरं होत नाही. मिक्सरच्या आतून थोडा करंट झिरपतो तेवढ्यावर प्रीअ‍ॅम्प कसाबसा चालतो, म्हणून बारीक आणि फाटका आवाज. ट्यूनर पुष्कळ गिटारांत केबलशिवायही चालतो, त्यावरून काही ठरत नाही. एका कड्याची केबल लावा. चॅनल म्यूट करूनच काढा-घाला.

सहावी_तार:
वाजली! मित्राची केबल आणून लावली, आवाज भरून आला. आता उघडी पाचवी तार छेडली की स्पीकर घूं करतो. हे कसं थांबवू?

मध्यलय:
साउंडहोलला रबरी झाकण लावा, बराच फरक पडेल. पुढच्या वेळी मात्र माइक वापरून बघाच.

खर्ज:
झाकण लावाच. पाचवी तार ११० हर्ट्झची आणि गिटारच्या पोकळीतली हवाही साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, दोन्ही एकमेकांना उचलतात. इक्वलायझरवर तेवढाच भाग खाली ओढा. सरसकट बेस कापलात तर गिटार पोकळ वाजेल. फेज बटण (सिग्नल उलटा करणारं) असेल तर तेही दाबून बघा. आणि मिक्सर स्टेजपासून लांब असेल तर डीआय लागणारच. इतक्या लांब साध्या मोनो केबलवर गुणगुण येते.

गंधार_७:
पॅसिव्ह चालेल.

खर्ज:
प्रीअ‍ॅम्प आहे म्हटल्यावर चालेल, मान्य.

सोल्डर:
रात्री गिटारमधून प्लग काढून ठेवा. तो आत असेपर्यंत प्रीअ‍ॅम्प चालूच राहतो. नऊ व्होल्टची एक नवी बॅटरीही उद्या सोबत असू द्या.