बडोद्याच्या कलावंत कारखान्यातले पूर्वज: कागद कुठे आणि कसे शोधावेत?

पाऊणपट्टी
नमस्कार मंडळी. आजोबांचे आजोबा बडोदा दरबारी सारंगीवाले होते आणि मूळचे 'दिल्लीकडचे', एवढंच घरात सांगतात. हाताशी तीन गोष्टी आहेत: आजोबांचा सोलापूरचा शाळा सोडल्याचा दाखला, एक उर्दू निकाहनामा आणि कलावंत कारखान्याच्या (दरबारी कलावंतांच्या खात्याच्या) एका मोडी कागदाचा फोटो. त्यातलं जेवढं लागलं तेवढं असं: "सारंगीवाले (नाव) वलद (नाव), दरमहा रु. २२", आकड्यापुढे एक उभी रेघ, मग "संवत १९६२ श्रावण वद्य ४ रोजी मयत, सबब". पुढचं लागत नाही.
ती रेघ म्हणजे १ आहे का, म्हणजे पगार २२१ होता? १९६२ मधून ५७ वजा करून १९०५ च्या फायली मागायच्या ना? दिल्लीकडचं गाव कसं काढायचं? आणि डीएनए चाचणीचा काही उपयोग?

रुमालवाला
आधी तारीख, कारण तिथे चुकलात तर पुढचं सगळं हुकेल.
बडोद्याच्या कागदांत संवत बहुतेक गुजराती, म्हणजे कार्तिकादी असतो. तो दिवाळीच्या पाडव्याला बदलतो. दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा, जानेवारी ते दिवाळी ५६ वजा. श्रावण दिवाळीच्या आधी येतो, म्हणून १९६२ − ५६ = १९०६. श्रावण वद्य ४ म्हणजे ऑगस्ट १९०६ चा दुसरा आठवडा, ८ तारखेच्या आसपास. तुमचा ५७ चा हिशोब उत्तरेतल्या चैत्रादी संवताचा आहे. चैत्र ते दिवाळी या दोघांत बरोबर एका वर्षाचं अंतर राहतं.
दुसरी मेख अशी की बडोदा संस्थानाचं सरकारी वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. मृत्यू ऑगस्टमधला, म्हणजे नोंद १९०६-०७ च्या दप्तरात. १९०५-०६ च्या पगारपत्रकात हा माणूस बाराही महिने जिवंत दिसेल आणि तुम्ही "नोंद मिळाली नाही" म्हणून परत याल.
उभी रेघ म्हणजे १ नव्हे. ती पाव रुपया, चार आणे. २२। म्हणजे बावीस रुपये चार आणे. दोन रेघा आठ आणे, तीन रेघा बारा आणे. सुटे आणे आडव्या रेघांनी दाखवतात. मूळ कागदावर रेघेनंतर बारीक आडव्या खुणा असल्या तर त्याही मोजा.
'सबब' च्या पुढचाच भाग खरा कामाचा. तिथे साधारण तीनांपैकी एक गोष्ट निघते: जागा रिकामी म्हणून नाव कमी केलं, मुलाला त्याच जागेवर घेतलं, किंवा बायकामुलांना काही नेमणूक (ठरावीक रक्कम) करून दिली. 'बाळपरवेशी' (मुलांच्या संगोपनासाठीची रक्कम), 'परवरिश', 'वारस' यांपैकी शब्द दिसतो का बघा. दिसला तर त्यामागे वारस-तपासाचं वेगळं प्रकरण असण्याची शक्यता चांगली. अशा प्रकरणात मुलांची नावं, वयं आणि नशीब असेल तर मूळ गाव, एवढं एका ठिकाणी मिळतं. पगारपत्रकाच्या शंभर पानांपेक्षा असा एक तपास भारी.

बारनिशी
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता जागा.
बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये तो भाग गुजरातेत गेला. त्यामुळे संस्थानी कागद मुंबई-पुण्यात शोधू नका. ते गुजरात पुराभिलेख खात्याच्या वडोदऱ्यातल्या दक्षिण वर्तुळ अभिलेखागारात आहेत. कलावंत कारखाना वाड्याच्या खर्चात, म्हणजे खानगी खात्यात मोडायचा. नुसतं 'संगीत' म्हणून फेरिस्त (कागदांची यादी) चाळली तर गायनशाळेचे कागद समोर येतील. ते वेगळं खातं. मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये सुरू केलेली ती शाळा, तिचे शिक्षक शिक्षणखात्याच्या हिशोबात सापडतात. काही जण दोन्हीकडे होते, म्हणून दोन्ही बघा, पण वेगवेगळे मागा. आणि खानगीचा प्रत्येक कागद सरकारी अभिलेखागारात आला असेल असं गृहीत धरू नका.
अर्जात 'माझ्या पूर्वजांची माहिती हवी' असं लिहू नका, कर्मचारी त्यावर काही काढून देऊ शकत नाही. असं लिहा: खानगी खाते, कलावंत कारखाना, १९०६-०७, पगारपत्रक व नेमणुकीचे हुकूम, सोबत १९०७-०८. ओळखपत्राची प्रत जोडा. फोटो काढू देतात की नक्कल घ्यावी लागते, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. फेरिस्तीतला रुमालाचा (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक जसाच्या तसा उतरवा. पुढच्या खेपेला तोच लागतो.
एक मासिक पगारपत्रक मिळालं की दर पाच वर्षांनी एक असं मागे मागे जा. सलग वाचत बसू नका. माणूस ज्या पाच वर्षांत पहिल्यांदा दिसतो, तेवढीच मग महिन्यामहिन्याने चाळा. पहिल्या नोंदीजवळ हुजूर हुकुमाचा (महाराजांच्या हुकुमाचा) क्रमांक असला तर त्या हुकुमात तो कुठून आला, कोणाच्या शिफारशीने आला हे असू शकतं.
मागे जाताना पगार बदललेला दिसला तर लगेच बढती-बदलीचा निष्कर्ष काढू नका. विसाव्या शतकाच्या तोंडावर बडोद्याचं बाबाशाही नाणं जाऊन इंग्रजी रुपया आला. बाबाशाही हलका, त्यामुळे तेच वेतन इंग्रजीत कमी आकड्याने लिहिलेलं असतं.
आज्ञापत्रिका, म्हणजे संस्थानाचं सरकारी पत्र, नियम आणि हुकूम पाहायला चांगली. बावीस रुपयांच्या सारंगीवाल्यासाठी ती पहिल्यांदा उघडू नका.

षड्जपंचम
घराण्याच्या तक्त्यांबद्दल सावध करतो, कारण पुढची पायरी लोक हटकून तिथेच टाकतात.
संगीतावरच्या पुस्तकांतल्या घराण्याच्या तक्त्यात दोन नावांमधली रेघ मुलगा, पुतण्या, जावई, नातू, शागीर्द यांपैकी काहीही असू शकते. फैयाज खाँसाहेबांचंच बघा. बडोद्याचे सगळ्यांत गाजलेले दरबारी गवई. वडील सफदर हुसेन त्यांच्या जन्माआधीच वारले, वाढवलं आणि शिकवलं आईच्या वडिलांनी, गुलाम अब्बास खाँ यांनी. गाणं आईकडून आलं, रक्ताची पुरुषवंशावळ दुसरीकडे जाते. नुसता तक्ता पाहून वंशवृक्ष काढणारा इथे सरळ चुकतो.
दुसरी अडचण सारखी नावं. रहमत खाँ म्हटलं की ग्वाल्हेरचे हद्दू खाँ यांचे चिरंजीव आठवतात, पण बडोद्यात रहमत खाँ म्हणजे मौलाबक्षांचे जावई, इनायत खाँ यांचे वडील. निसार हुसेन खाँ एक ग्वाल्हेरचे, १९१६ मध्ये वारलेले. दुसरे रामपूर-सहसवानचे, वडील फिदा हुसेन खाँ यांच्याबरोबर बडोदा दरबारी असलेले. म्हणून नाव, वलद (बापाचं नाव) आणि वाद्य हे तिन्ही जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणू नका. सारंगीवाला एका वर्षी अचानक गवई म्हणून नोंदलेला दिसला तर आधी वलद तपासा, बहुधा माणूस वेगळा निघतो.
आडनाव तर सगळ्यांत कच्चा दुवा. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुलं पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे या नावांनी प्रसिद्ध झाली. एकाच आईबापाची तीन मुलं, तीन आडनावं. त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं म्हणून आपल्याला कळतं. साथीदारांच्या घरांत असं झालं तर ते कोणी लिहून ठेवलेलं नसतं.
मार्च १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली, तिचा छापील अहवाल आहे. तुमचे पूर्वज त्याआधी वारले, पण मुलगा जागेवर लागला असेल तर नजर टाकायला हरकत नाही.

मृगसाल
डीएनएचं थोडक्यात. चाचणी नोकरी सांगत नाही आणि गावही सांगत नाही. शिवाय गवई-वाजंत्री घरांत आतेमामे-चुलत लग्नं पिढ्यानपिढ्या झालेली, त्यामुळे जुळणारा माणूस आहे त्यापेक्षा जवळचा दिसतो. तो पैसा वडोदऱ्याच्या दोन खेपांना पुरेल.
गाव काढायचं तर 'दिल्लीकडचे' हा शब्द आग्र्यापासून पानिपतापर्यंत ताणतो. बडोद्याला आलेल्यांत मौलाबक्ष भिवानीकडचे, अब्दुल करीम खाँ कैरान्याचे, फैयाज खाँ आग्र्याचे, फिदा हुसेन बदायूँ जिल्ह्यातल्या सहसवानचे. आधी निकाहनामा वाचून घ्या. पक्षकार, वली (वधूचा पालक) आणि साक्षीदार यांच्या नावापुढे 'साकिन' नंतर जे येतं ते राहण्याचं गाव. साक्षीदार बहुतेक नात्यातलेच असतात, म्हणून त्यांची गावंही टिपा. तारीख हिजरी असेल तर वजाबाकी करू नका. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, कोष्टकच वापरा.
गाव आजच्या हरियाणात निघालं तर महसुली बंदोबस्तातला शजरा नसब, म्हणजे जमीनधारकांची वंशावळ, तहसील किंवा जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मागता येतो. लिपी उर्दू, अक्षर घसटतं. मात्र त्यात जमीन असलेलेच येतात. ज्या घराकडे वीतभर जमीन नव्हती ते त्यात नसणारच, आणि नाही म्हणून गाव चुकलं असंही ठरत नाही.

पाऊणपट्टी
खूप आभार. 'सबब' च्या पुढे 'बाळ' एवढं तरी दिसतंय! सोलापूरच्या दाखल्याचं काय करू?

बारनिशी
दाखला बाजूला ठेवा, शाळेचं जनरल रजिस्टर बघा. दाखला त्यावरून उतरवलेला असतो आणि उतरवताना जन्मस्थळ, आधीची शाळा हे रकाने पुष्कळदा रिकामे सोडतात. 'आधीची शाळा' या रकान्यात बडोद्याचं नाव मिळालं तर तिथल्या शाळेतही जाता येतं. बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू झालं, १९०६ पासून सगळ्या राज्यात. म्हणजे बाळपरवेशी मिळालेली मुलं त्या वयाची असतील तर शाळेच्या पटावर यायला हवीत.
सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यात कोणाचा जन्म-मृत्यू झाला असेल तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. शहरातला असेल तर नगरपालिकेची नोंद.

कावेरीकाठ
मध्येच विचारतो, कारण विषय जवळचा आहे. आमचं घर तंजावरहून बडोद्याला आलेल्या नाचाच्या तायफ्यातलं. वरच्या पायऱ्या आम्हालाही लागू पडतात का?

रुमालवाला
बडोद्यापर्यंत तंतोतंत लागू. त्यामागे वाट बदलते.
१८८० मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झालं. त्यांच्याबरोबर नर्तकी, नट्टुवनार (नाच शिकवणारे गुरू) आणि साथीदार आले. पुढे नृत्यशिक्षक म्हणून नावाजलेले कुबेरनाथ तंजोरकर याच परंपरेतले. त्यामुळे तुमच्याकडे आगमनाचं वर्ष आयतं आहे, खानगीचे १८८० नंतरचे कागद आधी काढा. नेमणूक तायफ्याच्या किंवा मुख्य नर्तकीच्या नावे असू शकते, म्हणून पुरुषाचं नाव मिळालं नाही तर थांबू नका.
या घरांत वंश बरेचदा आईकडून चालतो. कागदात बापाच्या जागी आईचं नाव दिसलं तर ती लेखनिकाची चूक नव्हे, तोच तुमचा धागा. 'तंजोरकर' हे बडोद्यात पडलेलं नाव, तंजावरात ते शोधून काही मिळणार नाही. तिथे गावाचं आणि वडिलांचं किंवा आईचं आद्याक्षर, मग व्यक्तीचं नाव.
तंजावरच्या मराठी राजांचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तिथल्या तमिळ विद्यापीठात आहेत. पण राज्य १८५५ मध्ये खालसा झालं. १८५५ ते १८८० अशी पंचवीस वर्षं राजा नाही. राण्यांचा वाडा होता आणि देवस्थानं होती, म्हणून मधली पिढी देवळाच्या सेवेच्या कागदांत शोधा. तिथे तमिळ वाचणारा सोबत लागेल. त्या मोडीत तमिळ नावं मराठी उच्चाराने लिहिलेली असतात, एकच नाव तीन तऱ्हांनी सापडतं. प्रत्येक रूप वहीत वेगळं लिहा, सुधारून एक करू नका.

कावेरीकाठ
कळलं. मोडी वाचणारे कुठे मिळतील?

मृगसाल
पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतात, तिथून वाचक मिळतात. बडोद्याच्या रुमालात मोडी, गुजराती आणि इंग्रजी कागद एकत्र बांधलेले असतात, गुजराती येणारा वाचक मिळाला तर दुप्पट काम होईल. आकडे मात्र स्वतः पुन्हा तपासा. जुन्या हातात १, ७ आणि ९ यांची गल्लत फार.
कोणाला फोटो पाठवाल तेव्हा फक्त आपली ओळ कापून पाठवू नका. पूर्ण पान, समास धरून, आणि मागची बाजूही. खात्याचं नाव माथ्यावर असतं, हुकुमाचा क्रमांक समासात, आणि रक्कम कोणी घेतली त्याची सही किंवा अंगठा पाठीमागे. @पाऊणपट्टी, तुमच्या फोटोत डावा समास कापलेला दिसतोय, तो पुन्हा काढता आला तर इथे टाका.