प्रतिसाद : वकीलसाहेबांना मेसेज कधी करावा?

मूट कोर्टला (कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्याच्या स्पर्धेत) भेटलेल्या वकीलसाहेबांना इंटर्नशिपसाठी पंधरा दिवसांनी मेसेज करा, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. दुसऱ्याच दिवशी करा, पण कोर्ट उठल्यावर. संध्याकाळीही चेंबरमध्ये पक्षकार असतात, म्हणून फोन नको. नाव, कॉलेज, वर्ष आणि त्यांनी सांगितलेला एखादा मुद्दा, एवढं चार ओळींत पुरे. त्यांनी सुचवलेला निकाल खरंच वाचला असेल तर तेही जरूर कळवा. माझी पहिली इंटर्नशिप त्याच एका ओळीमुळे मिळाली. बार कौन्सिलच्या (वकिली शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमाने पाच वर्षांच्या लॉ कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, पण सलग ४ आठवड्यांपेक्षा जास्त नाही. तेव्हा इंटर्नशिप मागताना तारखा नेमक्या द्या. उत्तर नाही आलं, तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा.