शब्द नसलेल्या प्रयोगात लोक हसले, तर बिघडलं काय?

शहापूरची लेक
गेल्या आठवड्यात बेळगावात एका तरुण नटाचा एकपात्री देहनाट्याचा प्रयोग झाला. एक माणूस, एक स्टूल आणि तोंडातून एकही शब्द नाही. विषय हमालाचा: त्याची ओझी, त्याचं घर, शेवटी त्याचं आजारपण. तो पहिलं पोतं उचलायला वाकला तेव्हा प्रेक्षक हसले. दुसऱ्या पोत्यालाही हसले. नंतरच्या गप्पांत एका ज्येष्ठांनी माईक घेऊन सांगितलं, की बेळगावच्या प्रेक्षकाला असलं नाटक बघायचं अजून कळत नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही.

पोतं तिथं नव्हतंच, तरी सगळ्यांना दिसलं. फ्रान्समध्ये देहनाट्याचे गुरू एतिएन दक्रू यांनी आयुष्यभर याच गोष्टीवर काम केलं: नसलेल्या वस्तूचं वजन हातानं दाखवता येत नाही, त्यासाठी कंबर, पाठ, पावलं यांनी तोल उलट बाजूला न्यावा लागतो. हे साधलं की बघणाऱ्याच्या अंगाला आधी कळतं, डोक्याला मागाहून. हसू आलं ते त्यामुळे. आणि शेवटचं पोतं उचलताना हेच लोक चिडीचूप होते, हे त्या ज्येष्ठांनी सांगितलंच नाही.

टिळकवाडीकर
ताई, पहिल्या पोत्याचं हसू मान्य. पण आजारपणाच्या प्रसंगातही काही जण हसत होते, त्याचं काय? शब्दांच्या नाटकात हशा आला तर नट थांबतो, हशा ओसरला की पुढचं वाक्य घेतो. इथं श्वास हेच वाक्य होतं. हमालाचा दम लागलेला श्वास मला तिसऱ्या रांगेतही ऐकू येईना. एकटा नट असतो, सावरायला सहकलाकार नसतो. त्याची लय मोडली की सगळा भार त्याच्याच अंगावर. प्रेक्षकाला सरसकट पाठीशी घालू नका. माझ्या पुढचा एक जण तर मोबाईलवर शूटिंग करत होता.

खानापूरकर
माझं दुखणं वेगळंच आहे बघा. हितं मराठी नाटक वर्षातनं कितीदा येतंय? आलं तर त्यात मराठी शब्दच नाही! प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटेच उभं राहून पन्नासावर पात्रं करायचे, पण प्रत्येकाची बोली वेगळी ऐकू यायची. आमच्या पोरांच्या कानावर ती भाषा पडायला नको काय? मी हसलो नाही आणि टाळ्याही वाजवल्या नाहीत. ही पण प्रतिक्रियाच की.

गोकाकची सून
काका, तुमची कळकळ समजते. पण त्या पन्नास पात्रांत नुसती बोली बदलत नव्हती, खांदे, मान, चालसुद्धा बदलत होती. आणि मराठी नाटकाचा उगमच बघा ना. उत्तर कन्नडमधल्या कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, त्यावरून विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' उभं केलं. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

माझ्या सासूबाईंना मराठी जेमतेम कळतं. त्या माझ्याबरोबर आल्या होत्या आणि आम्ही दोघी एकाच जागी हसलो, एकाच जागी गप्प झालो. त्या श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य बघत वाढल्यात. तिथं प्रेक्षक हसतात, मधेच बोलतात, त्याला कुणी अडाणी म्हणत नाही.

टिळकवाडीकर
वहिनी, पारिजातात कृष्ण कोण, सत्यभामा का रुसली, हे घरून निघतानाच ठाऊक असतं. मधे बोललं तरी धागा सुटत नाही. इथं कथा माहीत नव्हती आणि सांगायला सूत्रधारही नव्हता. एक हालचाल हुकली की पुढचं कळायचं नाही. म्हणून इथं शांतता हवी. यात प्रेक्षकाला कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही.

निपाणीकर
मी मागच्या रांगेत वडिलांना घेऊन बसलो होतो. त्यांनी हमाली केलीय, तंबाखूची बोदं वाहिलीत. सगळ्यात आधी तेच हसले. म्हणाले, "मांडीवर घेतल्याबिगर ते पाठीवर जातंय व्हय? बरोबर करतोय पोरगं." आजारपणाच्या प्रसंगात मात्र ते मोठ्यानं बोलले, "आता बस की रं खाली." पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून शूः केलं. वडील नंतर खाली मान घालून बसले. ते मला फार लागलं. माईकवरची टीका त्यांच्यासारख्यांनाच होती, असं वाटलं.

आणि एक. आम्हाला नटाचे पाय दिसतच नव्हते. सपाट जमीन, पुढं सगळ्यांची डोकी. पाय घसरण्याचा प्रसंग आम्ही पुढच्यांच्या प्रतिक्रियेवरून ओळखला.

टिळकवाडीकर
तुमच्या वडिलांना गप्प करायला नको होतं, हे मनापासून म्हणतो. तो माणूस नाटकाशीच बोलत होता. मोबाईलवाल्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे. आणि पाय दिसत नसतील तर देहनाट्य बघायचं काय? पुढच्या वेळी दोनशे खुर्च्या मांडण्यापेक्षा पुढच्यांना सतरंजीवर बसवा, मागं बाकडी आणि त्यामागं खुर्च्या ठेवा, असं आयोजकांना आपण सगळे मिळून सांगूया.

खानापूरकर
सांगूया की. पण त्याच्या पुढचा प्रयोग शब्दांचा पाहिजे, हेबी त्याच पत्रात लिवा.