समुद्राला मिळणारं पाणी खरंच वाया जातं का?

पाणकोळी (धागाकर्ता)
पाण्यावरची कुठलीही चर्चा घ्या, "नदीचं पाणी समुद्रात फुकट जातंय, अडवा ते" असं कोणीतरी म्हणतंच. मला हे अजिबात पटत नाही. नदी नुसतं पाणी नेत नाही. गाळ, वाळू, क्षार, माशांची पिल्लं, सगळा संसारच नेते. नाईलवर आस्वानचं मोठं धरण १९७० साली पुरं झालं, पण जलाशय १९६४ पासूनच भरू लागला होता. गाळ वरच अडला. मुखाजवळची तारली माशांची मासेमारी काही वर्षांत कोसळली आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र कुरतडू लागला. मग वाया काय गेलं, समुद्राला मिळणारं पाणी की अडवलेलं?

हिशेबी
अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९८०च्या दशकात नाईलच्या उगमाकडे भीषण दुष्काळ पडला, तेव्हा इजिप्त तगला तो याच जलाशयावर. आणि त्याच दशकात मासेही परत वाढले, ते सोयीस्कररीत्या गाळलंत.

पाणकोळी
दुष्काळाचं मान्य. पण मासे वाढले ते कशावर? शेतातून वाहून आलेली खतं आणि शहरांचं सांडपाणी यांचा त्यात मोठा वाटा असल्याचं संशोधक सांगतात. याला नदी सुधारली म्हणायचं? गाळ तर आजही येत नाही.

सिव्हिलवाला
सगळं खापर धरणांवर का? नदी मारतं ते सांडपाणी. लंडनची थेम्स १९५७ साली जैविकदृष्ट्या मृत ठरवली होती. मैलापाणी शुद्धीकरण सुधारलं आणि मासे परतले. भाषणं नकोत, प्रकल्प नीट चालवा, एवढंच.

दगडाखाली
सिव्हिलवाले, सांडपाण्याचं बरोबर, "एवढंच" चूक.

वाहत्या नदीतला एखादा दगड उलटून पाहा. खालच्या बाजूला वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या बारीक नळ्या दिसतील. आत कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याची अळी असते. मासे या अळ्यांवर जगतात, आणि पंख फुटून त्या पाण्याबाहेर पडल्या की पक्षी, वटवाघळं, कोळी. म्हणजे काठावरच्या जिवांचं पोटही नदीच भरते.

यातल्या बहुतेक अळ्यांना भरपूर प्राणवायू लागतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. प्रवाह आटला की पाणी तापतं, साचतं, आणि तेवढंच सांडपाणी दुप्पट बाधतं. प्रवाहाला वगळून सांडपाण्याचा हिशेब लागत नाही.

आणखी एक. वीजनिर्मितीसाठी दिवसा पाणी सोडतात, रात्री कमी करतात. पाणी चढलेलं असताना काठच्या दगडांवर घातलेली अंडी रात्री उघडी पडून वाळतात. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणात २०१८ च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवार विसर्ग कमी आणि स्थिर ठेवून पाहिला. कीटक वाढले. धरण जागच्या जागी आहे.

हिशेबी
आणि विजेचं नुकसान कोणाच्या माथी?

दगडाखाली
सुट्टीच्या दिवशी मागणी कमी असते, म्हणून तर ते दोन दिवस निवडले.

उलटा_प्रवाह
मी तर म्हणतो पाडा. अमेरिकेतल्या एल्व्हा नदीवरची १९१३ आणि १९२७ सालची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली. सामन मासे वर चढले, मुखाशी वाळूचा किनारा नव्याने तयार झाला.

सिव्हिलवाला
ती वीजनिर्मितीची जुनी धरणं होती, मासे वर जायला वाटही ठेवली नव्हती. जिथे लाखोंचं पिणं आणि शेती धरणावर आहे तिथे हा सल्ला देऊन दाखवा.

हिशेबी
पाडापाडी सोडा. नदीला नेमकं किती पाणी ठेवायचं? आकडा द्या, नाहीतर हा हवेतला गोळीबार.

पाणकोळी
सगळ्या नद्यांना एकच टक्का लावता येत नाही. बारमाही एकसारखा विसर्गही चालत नाही. कित्येक मासे पुराच्या पहिल्या लोंढ्याबरोबर अंडी घालायला वर चढतात किंवा काठच्या पाणथळीत शिरतात. तेव्हा धरणाखाली पाणीच वाढलं नाही, तर त्यांना वेळ झाल्याचं कळणार कसं? माझी पहिली मागणी हीच: नदी पूर्वी कधी चढायची नि कधी उतरायची ते नोंदींतून काढा आणि निदान तो पहिला लोंढा सोडा.

हिशेबी
लोंढा सोडा म्हणणं सोपं. पूररेषेच्या आत राहणाऱ्यांना हलवणार कोण?

पाणकोळी
जुन्यांचा प्रश्न अवघड आहे, नाकारत नाही. पण त्याच पूररेषेत आजही नव्या परवानग्या निघतात, भराव पडतात. त्या तरी थांबवायला तुमची हरकत नसावी.

हिशेबी
त्याला नाही. लोंढ्याला आहे.