मदत हवी: वरच्या फ्लॅटमधला पाइप फुटला, विम्याचे सर्व्हेअर म्हणतात ही पावसाची ओल (नाशिक)

नमस्कार. आम्ही इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. वरचा फ्लॅट बंद असतो, मालक पुण्याला. गेल्या आठवड्यात रात्री त्यांच्या बाथरूममधला गीझरचा पाइप फुटला. आम्हाला कळलं ते पहाटे, सासूबाईंच्या खोलीत पंख्याच्या हुकातून धार लागली तेव्हा. वॉचमनने गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला, मालकांना फोन लावला आणि सेक्रेटरींसमोर कुलूप उघडलं. फुटलेला पाइप सगळ्यांनी पाहिला.

पीओपीचं सीलिंग एका कोपऱ्यात खाली आलंय. बाथरूमखालच्या आतल्या भिंतीचं जिप्सम प्लास्टर मऊ पडलंय, नख रुततं. कपाटाच्या मागच्या प्लायचे पापुद्रे सुटलेत, हाताने ओढला की अख्खा थर निघतो. गाद्या गेल्या. आता कपाटामागे काळी बुरशी धरायला लागली आहे आणि सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे त्यांना हॉलमध्ये झोपवतोय. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे.

गृहकर्जासोबत बँकेने काढलेली भारत गृह रक्षा, म्हणजे घराच्या विम्याची पॉलिसी आहे. कंपनीला त्याच दिवशी कळवलं. त्यांच्यातर्फे नुकसान पाहायला सर्व्हेअर आले तेव्हा गंगापूर धरणातून विसर्ग चालू होता, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला (पुराचं पाणी आम्ही त्यावरून मोजतो) पाणी कुठपर्यंत लागलं हीच चर्चा सगळीकडे. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, "या दिवसांत नाशकात कुठली भिंत कोरडी असते?" म्हणाले आणि कागदावर सीपेज (मुरलेली ओल) लिहिलं. खरं सांगायचं तर बाहेरच्या भिंतीला खिडकीखाली दर पावसाळ्यात थोडी ओल येतेच. पण आतल्या भिंतीला ती कधीच नव्हती. हा फरक कंपनीला पटवायचा कसा?

पेंटर म्हणतो, खरवडून पुट्टी मारू, गणपतीच्या आत खोली नवी करून देतो. करून घेऊ का? त्या खोलीची लाईट लावली की ईएलसीबीही (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) पडते.

प्रतिसाद (बांधकामात आहे, नाशिकच)

ताई, आधी त्या खोलीचा एमसीबी (बोर्डावरचा त्या खोलीचा स्विच) बंदच ठेवा. स्लॅबमधल्या कंड्युटमध्ये, म्हणजे वायरींच्या नळीत, पाणी साठून राहतं आणि ते लवकर वाळत नाही. वायरमनकडून मेगर टेस्ट (वायरींचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते बघणारी) करून घ्या, तोवर "एकदा लावून बघू" नको.

पेंटरला आत्ता थांबवा. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट म्हणजे ओल आत कोंडली. दिवाळीपर्यंत पोपडे येतील, क्षार फुटतील. जिप्सम मऊ पडलंय तेवढं विटेपर्यंत काढूनच टाकावं लागेल, ते वाळून पुन्हा घट्ट होत नाही. पण काढण्याआधी खालचा प्रतिसाद वाचा.

वाळवताना आपल्याकडे लोक खिडक्या सताड उघडतात. झिमझिम चालू असताना बाहेरची दमट हवाच आत येते. पाऊस असेल तेव्हा खोली बंद करून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं मशीन) लावा, भाड्याने मिळाला तरी चालेल. नाहीतर एसी ड्राय मोडवर ठेवा. वीज दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशनने घ्या. ऊन पडलं की खिडक्या उघडा. टेबलफॅन भिंतीला समांतर, कपाट भिंतीपासून लांब. वाळली का हे बघायला हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव धरलं असेल तर अजून थांबायचं. वरून कोरडी दिसणारी भिंत आत पुष्कळ दिवस ओली असते.

बुरशी कोरडी झाडू नका, उडते आणि दम्याला तीच वाईट. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरलंत तर त्यात टॉयलेटचं ॲसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि आजींना त्या वेळी घरातच ठेवू नका.

प्रतिसाद (विमा कार्यालयातून निवृत्त)

ही पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे एकाच साच्यात आहे. पाण्याची टाकी, उपकरण किंवा पाइप फुटणं, ओसंडणं ही घटना त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. हळूहळू मुरलेली ओल त्यात येत नाही. म्हणून "सीपेज" या एका शब्दाने दावा अडतो. त्यावर लगेच लेखी हरकत घ्या, ईमेलने.

सोबत काय हवं ते सांगतो. वरच्या फ्लॅटमधल्या पाइपचे फोटो, सोसायटीचं तारखेसह पत्र, वॉचमनचं निवेदन, प्लंबरचं बिल. फुटलेला पाइप फेकू देऊ नका, मागून ठेवा. खोलीच्या फोटोंत पाणी वरून खाली आल्याचे ओघळ दिसू द्या. जुनी ओल खिडकीखाली, नवी बाथरूमखाली, हे एकाच फोटोत दाखवा आणि खिडकीखालची भिंत दाव्यातून तुम्हीच वगळा. लपवाल तर बाकीच्यावरही शंका घेतील. प्लास्टर काढण्याआधी पुन्हा पाहणी मागा. उशीर करत असतील तर दमेकरी माणूस घरात आहे असं लिहून, व्हिडिओ काढून मग काढा. नुकसान वाढू न देणं हे तुमचं कामच आहे.

घर विम्यात असेल तर सामानही आपोआप येतं, घराच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख, तुम्ही स्वतः नको म्हटलं नसेल तर. पॉलिसीत बघा. गाद्या आणि कपाट दाव्यात नक्की धरा.

वरच्या मालकांनी पैसे देऊ केले तर "आता काही तक्रार नाही" अशा कागदावर कंपनीला विचारल्याशिवाय सही करू नका. कंपनी त्यांच्याकडून वसुली करू शकते, तो हक्क तुमच्या सहीने बुडतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वायरमन उद्या येतोय. पाइप सेक्रेटरींच्या कपाटात सुरक्षित आहे. इतकं करूनही दावा नाकारला तर?

प्रतिसाद (विमा कार्यालयातून निवृत्त)

सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जा, नाशिक त्यांच्याकडेच येतं. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. फी नाही, वकील लागत नाही. गणपती या वर्षी हॉलमध्येच बसवा, ती खोली सावकाश वाळू दे.