माळवदाच्या घराला सिमेंट नको

देवराष्ट्र्याचं यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर पाहून आल्यावर, आपलं जुनं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं घर सिमेंटनं पक्कं करावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं कळकळीचं सांगणं, करू नका. ते घर म्हणजे त्यांचं आजोळ. १२ मार्च १९१३ ला ते तिथं जन्मले तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. एवढ्या साध्या घराची माणसं आठवण ठेवतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझंही आजोळ कडेगावकडचं, माळवदाचं. तिकडं पाऊस कमी, म्हणून सपाट छप्पर चालतं: तुळया, त्यावर किलचन म्हणजे लाकडी फळ्यांचा थर, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मिरगाच्या आधी मामा माती नव्यानं पसरून चोपायचे आणि छपरावरचं पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हाळी मोकळ्या करायचे. सवण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, चुलीजवळ उजेडाचा एक कवडसा पडायचा, आजी त्यावरून वेळ सांगायची.

पुढं मामांनी दोन भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. तिसऱ्या पावसाळ्यात तो फुगला. पोपडा काढला तर आतली माती ओलीगच्च! मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते, सिमेंट ती बुजवतं. तुम्ही माती-शेणाचा किंवा चुन्याचाच गिलावा करा, आणि आधी पन्हाळी बघा.